मंद, बारीक, डीम

प्रकाश कमी असल्याचे सांगताना मराठी बोलणारा माणूस नकळत आधी एक निवाडा करतो, तो म्हणजे ही उणीव कोणाच्या पदरी टाकायची. दिव्यातच जोर नसेल तर दिवा मिणमिणता ठरतो. दिवा ठीक असून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला असेल तर त्याला ‘अंधुक दिसते’. धुण्यात रंग उतरला तर लुगडे फिकट होते, सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यावरील शाई उडाली तर अक्षर पुसट होते. तापातून उठलेल्या मोठ्या माणसाचा चेहरा निस्तेज दिसतो आणि त्याच तापातून उठलेले मूल मात्र मलूल असते. आभाळात ढग दाटून येतात तेव्हा मळभ असते आणि त्या ढगांमुळे खालचे शेत काळवंडते तेव्हा तो झाकोळ असतो. या साऱ्यांवर एकच पांघरूण घालील असा सर्वसाधारण शब्द भाषेने तयार केलेला नाही, आणि हे दारिद्र्य मानण्याचे कारण नाही. दिवा, हवा, पृष्ठभाग, डोळा आणि चेहरा यांपैकी कोठे काय उणे आहे हे ज्याला माहीत आहे त्याला मोघम शब्दाची गरज पडत नाही. तरीही या सगळ्या शब्दांच्या गर्दीत एक शब्द असा आहे की जो प्रकाशापुरता थांबत नाही. पावलांना, वाऱ्याला, जठराग्नीला, बाजाराला आणि बुद्धीलाही तो लागतो. तो शब्द म्हणजे ‘मंद’.

या शब्दाचा आणि त्याच्या शेजाऱ्यांचा रोजचा वापर कोठे पाहावा असे विचारले तर वसई तालुक्यातील कामण हे गाव त्यासाठी सोयीचे आहे. तुंगारेश्वरच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले, १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेले आणि त्या दिवसापासून नव्या पालघर जिल्ह्यात गेलेले हे गाव उजेडाच्या दृष्टीने दोन जगांच्या सीमेवर आहे. उत्तरेला अभयारण्याचे रान, तर दक्षिणेला वसईची खाडी आणि तिच्यापलीकडे मीरा-भाईंदर व ठाणे या शहरांचा रात्रभर न विझणारा पिवळट-पांढरा झोत. मधून वसई रोड ते दिवा हा लोहमार्ग जातो, ज्यावर कामण रोड हे स्थानक आहे, आणि चिंचोटीहून भिवंडीकडे जाणारा ट्रकांनी भरलेला रस्ता जातो. गावठाणात आणि रस्त्याच्या कडेने गोदामे व कारखाने, तर डोंगराच्या अंगाला वारली आणि इतर आदिवासींचे पाडे. काही दशकांपूर्वीपर्यंत रॉकेलच्या चिमणीवर निभावणारी घरे आणि आज रात्रपाळीच्या दिव्यांखाली जागणारे कारखाने एकाच पंचक्रोशीत असल्यामुळे, कमी उजेडाचे जुने आणि नवे शब्द येथे एकाच तोंडी ऐकू येतात.

त्यांतील सर्वांत जुन्या वळणाचा शब्द पुस्तकात फारसा आढळत नाही. हाताने उजेड कमी करायचा असतो तेव्हा घरातील कोणीही ‘दिवा मंद कर’ असे म्हणत नाही. ‘दिवा बारीक कर’ असेच म्हणतो, आणि वाढवायचा असेल तर ‘मोठा कर’. पाककृतींच्या पुस्तकात ‘मंद आचेवर शिजवावे’ असे छापलेले असते, पण ते पुस्तक ज्या ओट्यावर उघडलेले असते त्या ओट्याशी ‘गॅस बारीक कर गं’ हाच शब्द चालतो. येथे उजेड हे तेजाचे प्रमाण राहत नाही, आकाराचे होते, आणि त्याला सरळ कारण आहे. कंदिलात चपटी वात असते आणि ती दातेरी चाकाच्या चावीने वरखाली होते. वात जेवढी वर तेवढी ज्योत रुंद व उंच, वात जेवढी खाली तेवढी ज्योत बारीक. माणूस मोठेपणा आणि बारीकपणा ज्योतीचा पाहतो आणि त्यामागून येणारा उजेड गृहीत धरतो. पुढे हेच माप जिथे ज्योत नाही तिथेही गेले, म्हणून आवाजही बारीक करता येतो.

कंदिलाच्या या व्यवहारात एक बारकावा असा आहे की जो आता कंदील वापरात नसल्यामुळे विसरला जाऊ लागला आहे. उजेड हवा म्हणून वात वाजवीपेक्षा वर सरकवली की रॉकेल पूर्ण जळत नाही, ज्योतीचे टोक लाल व धुरकट होते, काजळी धरते आणि काचेच्या आतील बाजूस साचत जाते. परिणामी थोड्या वेळाने खोलीत आधीपेक्षा कमी उजेड पडतो. अधिक मागितल्याने कमी मिळण्याचा हा प्रकार ज्या घरांत रोज अनुभवास येई, त्या घरांत दिवेलागणीपूर्वी कंदिलाच्या काचा राखेने घासून फडक्याने पुसण्याचे काम मुलांकडे असे, आणि काच तडकली तर बोलणीही त्यांनाच बसत. चिमणीला, म्हणजे बुडाला रॉकेल आणि वर उघडी वात असलेल्या डबीवजा दिव्याला, तर काचही नव्हती. तिचा धूर सरळ नाकात जाई आणि सकाळी नाकपुड्या काळ्या असत. अशा दिव्याखाली अभ्यास केल्याच्या कथा जेवढ्या कौतुकाने सांगितल्या जातात तेवढ्या कौतुकास तो दिवा पात्र नव्हता, हे येथे नमूद करणे उचित ठरेल. दिवा विझवण्यासही मराठी थेट नाव देत नाही. तो मालवला जातो किंवा शांत केला जातो, ज्याप्रमाणे बांगडी फुटली तरी ती ‘वाढवली’ म्हणतात. पूर्ण अंधाराचे नाव घेणे टाळणारी भाषा अर्ध्या उजेडाविषयी मात्र मोकळेपणाने बोलते.

‘मंद’ हा शब्द या घरगुती ‘बारीक’पेक्षा वेगळ्या कुळातला आहे. संस्कृतात त्याचा पहिला अर्थ सावकाश, संथ असा आहे, आणि प्रकाशाची कमतरता हा त्याच्या अनेक अर्थांपैकी केवळ एक. ग्रहांमध्ये शनीला ‘मंद’ म्हणतात आणि शनिवारास ‘मंदवार’, कारण नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ग्रहांत तो सर्वांत हळू चालतो. सूर्याभोवतीच्या एका फेरीस त्याला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षे, आणि तीन राशींची मिळून साडेसाती. भारतीय सिद्धांत-ज्योतिषात ‘मंदोच्च’ नावाची संज्ञा आहे. ग्रहाच्या किंवा चंद्राच्या मार्गावरील ज्या बिंदूपाशी त्याची गती सर्वांत कमी होते तो बिंदू म्हणजे मंदोच्च, आणि या असमान गतीमुळे मध्यम स्थानात करावी लागणारी दुरुस्ती म्हणजे ‘मंदफल’. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’त, म्हणजे ११५० च्या सुमारास, ही गणिते पूर्ण विस्ताराने आलेली आहेत. या शब्दात त्या गणितज्ञांना केवळ वेग अभिप्रेत होता. परंतु चंद्र मंदोच्चापाशी असतो तेव्हा तो पृथ्वीपासून सर्वांत दूरही असतो. दिवसाला सुमारे पंधरा अंशांऐवजी जेमतेम बारा अंश सरकतो, बिंब लहान दिसते, आणि जवळच्या बिंदूवरील पौर्णिमा त्या दूरच्या पौर्णिमेपेक्षा सुमारे ३० टक्के अधिक उजळ असते. म्हणजे गतीने मंद झालेला चंद्र प्रकाशानेही मंद झालेला असतो. हा योगायोग शब्दाच्या कर्त्यांना ठाऊक असण्याची गरज नाही. शब्द मात्र दोन्ही अर्थांनी खरा ठरतो.

आयुर्वेदात हे दोन अर्थ आणखी जवळ येतात. जठरातील पाचक अग्नीचे सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद असे चार प्रकार मानले जातात, आणि वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त सर्व रोगांचे मूळ मंदाग्नीत सांगितले आहे. हा अग्नी हळू पचवतो म्हणून मंद की क्षीण जळतो म्हणून मंद, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही, कारण चुलीतल्या विस्तवाच्या बाबतीत या दोन गोष्टी एकच असतात: ज्याची झळ कमी त्याचा उजेड कमी, आणि त्याच्यावरचा भातही उशिरा शिजतो. विस्तव हाच उजेडाचा एकमेव कर्ता होता तोवर तेज आणि वेग यांना वेगवेगळे शब्द देण्याची निकड कोणाला भासली नसावी. उलट बाजूच्या शब्दाकडे पाहिले तर हेच दिसते. संस्कृत ‘तेजस्’ म्हणजे प्रभा, फारसी ‘तेज’ म्हणजे धारदार वा वेगवान. मराठीत हे दोन्ही शब्द एकमेकांत इतके मिसळले की घोडा तेज, मिरची तेज, चेहऱ्यावर तेज आणि बाजारात तेजी, यांतील कोणते कोणाचे हे बोलणाऱ्याला सांगता येत नाही. कामणच्या पूर्वेला भिवंडीत यंत्रमागांचा धंदा आहे. तेथील व्यापारी सुताच्या भावाविषयी बोलताना तेजी-मंदी म्हणतो तेव्हा त्याच्या मनात दिवा नसतो, पण त्याची जोडी दिव्याच्याच घरातून आलेली असते.

माणसाला लागताच या शब्दाचा स्वभाव बदलतो. वारा मंद, स्मित मंद, सुगंध मंद, समईचा प्रकाश मंद ही सगळी स्तुती आहे; विद्यार्थी मंद म्हटला की तो अपमान होतो. गेल्या काही दशकांत ‘मतिमंद’ हा शब्द मनाला लागतो म्हणून ‘गतिमंद’ हा शब्द पुढे आणला गेला आणि पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर सरकारी कागदात ‘बौद्धिक अक्षमता’ असे म्हटले जाऊ लागले. मतीकडून गतीकडे जाताना उपसर्गासारखा पुढचा भाग बदलला, पण ‘मंद’ तसाच राहिला, आणि बोच बहुधा त्यातच होती. दुसरीकडे, ज्याला विनोद उशिरा कळतो त्याला शाळेतील मुलांनी ‘ट्यूबलाइट’ असे नाव दिले. हे नाव देणाऱ्या मुलांना मंदोच्च किंवा मंदाग्नी माहीत असण्याचा संभव नाही. तरीही त्यांनी संस्कृतातील जुनी सांगड नव्याने घातली, कारण वस्तूच तशी होती.

ट्यूबलाइट उशिरा का लागते हे पाहण्यासारखे आहे. बटण दाबताच विजेचा प्रवाह स्टार्टर नावाच्या लहान डबीतून जातो. तिच्यातील वायू लुकलुकतो, त्याच्या उष्णतेने आतील दुहेरी धातूची पट्टी वाकून जोडणी करते आणि नळीच्या दोन्ही टोकांच्या तारा तापू लागतात. पट्टी निवली की जोडणी तुटते आणि त्या क्षणी चोक नावाचे वेटोळे एक मोठा विद्युतदाब फेकते, ज्यामुळे नळीतील वायू पेट घेतो. दाब अपुरा असेल तर पहिला प्रयत्न फसतो, मग दुसरा, मग तिसरा. टोके तांबडी होतात, मधला भाग फडफडतो आणि घरातील कोणीतरी उठून स्टार्टर फिरवते. बुद्धीवरून चिडवण्यासाठी याहून नेमके यंत्र शोधून सापडले नसते.

कामणसारख्या गावांतून ‘डीम’ हा इंग्रजीतून आलेला पण आता पूर्ण मराठी झालेला शब्द रुळला तो याच अपुऱ्या दाबामुळे. ‘लाइट डीम झाली’, ‘डीम येते’, ‘होल्टेजच नाही’ ही वाक्ये जेथे रोहित्रापासून, म्हणजे गावच्या भाषेत डीपीपासून, शेवटच्या खांबापर्यंत तार लांब आणि बारीक असते तेथील आहेत. तार जेवढी लांब आणि तिच्यावर जेवढी घरे अधिक, तेवढा दाब वाटेत गळतो. म्हणून संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, दूरचित्रवाणी आणि पाण्याचे पंप एकदम सुरू झाले की पाड्याच्या टोकाचे घर पहिल्यांदा अंधुक होते. पिवळ्या बल्बमध्ये तारेची वेटोळी तापून उजळतात आणि त्यांचा प्रकाश दाबाच्या मानाने फारच झपाट्याने उतरतो. २३० व्होल्टऐवजी २०७ व्होल्ट मिळाले, म्हणजे दाब १० टक्क्यांनी घटला, तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो आणि त्याचा रंगही लालसर होतो. त्याच वेळी त्याच खोलीतील छताचा पंखा संथ फिरू लागतो, इतका की पात्यांची धूळ दिसावी. एकाच कारणाने दिवा निस्तेज आणि पंखा सावकाश झालेला असतो, आणि या दोन्हींना मिळून म्हणावा असा शब्द भाषेत हजार वर्षांहून अधिक काळ पडून होता. तो तेथे वापरला मात्र गेला नाही. ‘बारीक’ हा शब्दही वापरला गेला नाही, आणि यात लोकांची भाषिक जाण अचूक आहे: बारीक हे हाताने करायचे असते, तर विजेचे हे ओसरणे कोणाच्याच हातात नसते. मालकाविना घडणाऱ्या मंदपणासाठी परका शब्द घेतला गेला. लाइट मराठीत स्त्रीलिंगी झाली आणि रुसल्याप्रमाणे ती येते, जाते आणि डीम होते.

विजेचे हे रुसणे सर्वांच्या वाट्याला सारखे येत नव्हते. जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण ही वितरण कंपनी अस्तित्वात आली आणि त्याच सुमारास महाराष्ट्रात भारनियमनाचा, म्हणजे मागणीपेक्षा पुरवठा कमी असल्याने पाळीपाळीने वीज बंद ठेवण्याचा, सर्वांत कठीण काळ सुरू झाला. मुंबईला स्वतंत्र कंपन्यांकडून वीज मिळत असल्यामुळे शहर या पाळ्यांतून वगळले गेले होते. वसईच्या खाडीच्या दोन काठांवर त्यामुळे दोन वेगळ्या संध्याकाळी होत; पलीकडे मुंबईच्या दिशेला आभाळ उजळलेले, तर अलीकडे वेळापत्रकाप्रमाणे बंद. ‘लोडशेडिंग’ या शब्दाला ‘भारनियमन’ हा मराठी प्रतिशब्द वृत्तपत्रांनी रूढ केला, पण तो बातमीतच राहिला.

‘झिरोचा बल्ब’ हा या कुटुंबातील एक विनोदी सदस्य आहे. रात्री उशाशी लावण्याचा हा लहान रंगीत दिवा शून्य वॅटचा नव्हताच, त्याला १२ ते १५ वॅट वीज लागे. परंतु जुन्या फिरत्या चकतीच्या मीटरला एवढासा प्रवाह नीट कळत नसे आणि बिलात तो दिसत नसे, म्हणून त्याचे नाव शून्य पडले. मोजणाऱ्याला जे दिसत नाही ते नाही, असे मानून केलेले हे नामकरण शासकीय वृत्तीशी इतके जुळणारे आहे की ते कोणा कारकुनानेच केले असावे अशी शंका येते.

२०१५ च्या जानेवारीत केंद्र सरकारच्या ‘उजाला’ योजनेखाली स्वस्त एलईडी दिवे वाटले जाऊ लागले आणि काही वर्षांत पिवळा बल्ब गावोगावच्या दुकानांतून जवळजवळ नाहीसा झाला. या दिव्यात प्रवाह स्थिर ठेवणारे एक मंडल बसवलेले असते. दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला तरी बरेच दिवे होता तेवढाच उजेड देतात, आणि आणखी उतरला तर लुकलुकून थेट बंद पडतात. पंखा मात्र पूर्वीप्रमाणेच सुस्तावतो. त्यामुळे आज शेवटच्या खांबावरील घरात पंखा रेंगाळत असतो आणि दिवा लख्ख असतो. अग्नीच्या काळापासून एकत्र असलेले तेज आणि वेग यांची फारकत एका स्वस्त मंडलाने करून टाकली. मिणमिणणे ही जी मधली अवस्था होती, जिच्यात दिवा विझतही नव्हता आणि पुरतही नव्हता, ती या दिव्यात उरत नाही, आणि त्या पाड्यांतील नव्या मुलांना ‘मिणमिणता’ हा शब्द आता प्रामुख्याने पाठ्यपुस्तकात भेटेल.

कमी उजेड ही केवळ गैरसोय मानली तर वारली घरातील भिंत समजत नाही. कारवीच्या, म्हणजे सह्याद्रीत सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या झुडपाच्या, काठ्या विणून केलेल्या कुडाच्या भिंतीवर शेण-माती लिंपून वर गेरूचा तांबडा हात दिलेला असतो. पारंपरिक घरास खिडक्या नसतात किंवा अगदी लहान असतात, आणि बाहेरील रखरखीत उन्हातून आत येणाऱ्याला काही क्षण काहीच दिसत नाही. याच आतल्या भिंतीवर लग्नाच्या वेळी सवाशिणी तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चौक लिहितात, ज्याच्या मध्यभागी पालघट देवी असते, आणि विधी चालवणारी धवलेरी त्या वेळची गाणी म्हणते. रंग एकच, पांढरा. याची कारणे साधनांच्या टंचाईत शोधण्याची सवय आहे, पण डोळ्याच्या रचनेतही एक कारण सापडते. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना भरपूर उजेड लागतो. तो कमी झाला की केवळ उजळ-गडद ओळखणाऱ्या दंडपेशी काम करू लागतात, आणि या पेशी तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या असतात. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे ओळखले होते की संधिप्रकाशात तांबडी फुले सर्वांत आधी काळी पडतात. म्हणजे वारली घरातील उजेड जसजसा उतरतो तसतशी गेरूची भिंत काळी होत जाते आणि तिच्यावरील पांढऱ्या आकृत्या अधिकाधिक उठून दिसू लागतात. तेथे हिरवा किंवा निळा वापरून काही साधले नसते.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने ही चित्रे कागदावर उतरू लागली आणि डहाणूजवळील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी ती जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या रेषेची नाजूक हालचाल दालनातील दिव्यांखालीही टिकते, यात शंका नाही. तथापि हॉटेलांच्या स्वागतकक्षांत आणि उड्डाणपुलांच्या खांबांवर जे वारली चित्र आज दिसते, ते भगभगीत प्रकाशात आणि पिवळ्या-निळ्या रंगांत काढलेले असते, आणि मूळ चौकाला अर्थ देणारी जी एक अट होती, अंधुक खोलीची, ती त्यात कोणीही पाळलेली नसते. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेले असत, त्यांतून बाहेरचे काही दिसत नसे पण दुधाळ उजेड येई. त्या खिडक्या काढून स्वच्छ काच बसवणाऱ्यांनीही अशीच एक अट मोडली.

अंधुक वस्तू पाहण्याची रीत म्हणून परंपरेने एक धडा घालून दिला आहे आणि त्यास ‘अरुंधती-न्याय’ म्हणतात. लग्नात वधूला अरुंधतीचा तारा दाखवायचा असतो, पण तो फिका असल्यामुळे सहज सापडत नाही. म्हणून आधी शेजारचा ठळक वसिष्ठ दाखवतात आणि मग त्याच्या कडेने नजर नेऊन अरुंधती. ताऱ्यांच्या तेजस्वितेला मराठीत ‘प्रत’ म्हणतात. प्रतीचा आकडा जेवढा मोठा तेवढा तारा फिका, आणि सहाव्या प्रतीपलीकडचे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. वसिष्ठ दुसऱ्या प्रतीच्या आसपासचा आणि अरुंधती चौथ्या प्रतीची, म्हणजे पाच-सहा पटींचा फरक. या रीतीत आणखी एक शहाणपण दडलेले आहे: डोळ्याच्या पडद्याच्या नेमक्या मध्यावर दंडपेशी नसतात, म्हणून फिका तारा थेट रोखून पाहिला की हरवतो आणि नजर किंचित बाजूला ठेवली की दिसतो. वैशाखातील लग्नांच्या दिवसांत सप्तर्षी संध्याकाळी उत्तरेला उंच असतात, आणि कामणहून पाहिले तर ते रानाच्या बाजूच्या त्यातल्या त्यात काळ्या आभाळात येतात. हॉलच्या प्रांगणातील हॅलोजनखाली उभ्या केलेल्या जोडप्याला मात्र भटजी ज्या दिशेला बोट दाखवतात तेथे काहीच दिसत नाही, तरी दोघेही दिसले म्हणून सांगतात.

चिंचोटी-भिवंडी रस्त्यावर या विषयाचे एक रोखठोक रूप रोज रात्री पाहायला मिळते. ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’च्या शेजारी ‘यूज डिपर ॲट नाइट’ अशी अक्षरे रंगवलेली असतात. समोरच्या दिव्याचा झोत दूरवर सरळ टाकला तर तो ‘अप्पर’ आणि रस्त्याकडे खाली वाकवला तर तो ‘डिपर’. समोरून गाडी आली की आपला झोत खाली घ्यायचा, समोरचा विसरला तर दोनदा डिपर मारून आठवण द्यायची, हा येथील अलिखित व्यवहार. आतापर्यंत पाहिलेल्या शब्दांत कमी उजेड हा कोणाच्या तरी वाट्याला येतो. येथे तो दुसऱ्याला द्यायचा असतो, आणि न दिल्यास शिवी खावी लागते. पिवळ्या दिव्यांच्या काळात खाली घेतलेला झोत खरोखरच सौम्य पडे. आता बंपरवर आणि टपावर जे जादा पांढरे एलईडी फोकस बसवून घेतले जातात त्यांना खालचा झोत असतच नाही, एक बटण आणि एकच उजेड. समोरचा चालक डिपर मारमारून थकतो, मग स्वतःचाही अप्पर तसाच ठेवतो, आणि कामणच्या वळणावर दोघेही क्लीनरला रस्त्याची कड कोठे आहे ते विचारतात.